अकरा नंबरची सुई

९ जानेवारी, मंगळवार

आज ताई दवाखान्यात आली आणि मी तिला ओळखलं नाही.

म्हणजे ओळख दाखवली नाही! तसं ठरलंच होतं. लिफ्टपाशी समोरासमोर आलो. माझ्या हातात औषधांचा ट्रे. ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणते, "मॅडम, तपासणी कुठे होते हो?" मी म्हटलं, "दुसरा मजला, डावीकडे." "फार उपकार झाले," म्हणाली बया! औषधांच्या खोलीत आले, दार लावलं, पोट धरून हसले. मग हसू आपोआप थांबलं.

कुठेतरी खरं लिहायला हवं. म्हणून ही वही.

ताईच्या हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज येते. चार वर्षं झाली. लाखात एखाद्याला होतं म्हणे – शरीर आपल्याच अंगावर धावून जातं. ताप, छातीत सुरी फिरवल्यासारखी कळ, आणि आडवं पडलं की श्वास कोंडतो. चार वर्षं ती खुर्चीत बसून झोपते, समोरच्या टेबलावर उशी, उशीवर डोकं. गोळ्यांनी तोंडाचा भोपळा झालाय. "रोज आरशात कोणीतरी पाहुणी येते," म्हणते.

आता नव्या इंजेक्शनची चाचणी आहे. सगळीकडचे मिळून साठ पेशंट, आमच्याकडे चार. पहिले तीन महिने सगळ्यांना खरं औषध. मग चिठ्ठी – निम्म्यांना खरं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. त्रास उलटला की पेशंटने लगेच सांगायचं, मग त्याला दुसऱ्या दिवसापासून खरं चालू. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांना माहीत नाही, नर्सला नाही, पेशंटला तर नाहीच. फक्त सिरिंज भरणारीला माहीत.

म्हणजे मला.

भरणारीचं कोणी नातेवाईक चाचणीत नसावं, असा नियम. मी तशी सही केलीय. आमची आडनावं वेगळी आणि माझ्याशिवाय हे काम शिकलेलं दुसरं कोणी इथे नाही. ताई म्हणाली, "तू बोललीस तर मला घेणार नाहीत. बाकीची सगळी दारं वाजवून झालीत, धाकटे."

३० जानेवारी

ताई आडवी झोपली!! भावोजींचा फोन आला – रडत होते की हसत होते कळेना. "अगं उताणी! घोरत होती गं!" बायको घोरते म्हणून आनंदाने वेडा झालेला नवरा जगात हा एकच असेल.

१२ मार्च

ताप नाही. गोळ्या अर्ध्यावर. गालांची हाडं पुन्हा दिसायला लागली. ताईने गाडी शिकवणं परत सुरू केलं – तिची ती पांढरी गाडी, मास्तरणीच्या पायाशीही ब्रेक असलेली.

चाचणीची नर्स, जिला मी मनातल्या मनात रजिस्टरबाई म्हणते (शिंकलं तरी वेळ लिहून ठेवते), आज सिरिंज न्यायला आली तेव्हा म्हणाली, "अकरा नंबर बघितल्यात का? ओळखू येत नाहीत!" ताईचा नंबर अकरा. मी म्हटलं, "हो का?" आणि दुसरीकडे बघितलं. कितीतरी वेळ दुसरीकडेच बघत होते.

८ एप्रिल

चिठ्ठ्या आल्या. बंद पाकीट, वर फक्त माझं नाव.

चार ओळी असतात कागदावर. वरचे दोन नंबर वाचले, ते कळलेही नाहीत. मग अकरा. अकरापुढे – पाणी.

खुर्चीवर बसले. परत वाचलं. असं वाटलं की दोन ओळी डोळ्यांनी एकत्र वाचल्या असतील. पट्टी ठेवून वाचलं. पाणीच.

कुणाचा दोष नाही. यंत्राने काढलेली चिठ्ठी. ज्यांना पाणी आलं त्यांचा त्रास उलटला, तरच औषध खरं ठरणार – हे मीच शिकणाऱ्या पोरींना फळ्यावर आकृती काढून समजावलंय. किती सोपं वाटतं ते फळ्यावर!

कागद कपाटात ठेवला. किल्ली गळ्यात.

९ एप्रिल, मंगळवार

भरली. हात धुतले, गाऊन, हातमोज्यांवर हातमोजे, काचेच्या पेटीत हात घातले. खरं औषध किंचित पिवळं असतं, म्हणून प्रत्येक सिरिंजला बाहेरून पेशंटच्या नंबराचा पांढरा कागद गुंडाळतो. चौघांच्या चार सिरिंजा ट्रेमध्ये एकसारख्या दिसत होत्या. देवालासुद्धा ओळखता आल्या नसत्या.

मला येत होत्या.

एक क्षण मनात आलं – दोन कागद बदलायचे, बस. पण मग पाणी कोणाला? सात नंबरला. सात नंबर बावीस वर्षांची मुलगी आहे. तिलाही कोणीतरी ताई म्हणत असेल.

नाही बदलले.

३० एप्रिल

तीन आठवडे झाले, काही नाही. काहींचा त्रास परत येतच नाही. येतच नाही!

१९ मे, रविवार

ताईकडे गेले. ती खुर्चीत बसली होती. समोर टेबल.

"आडवी हो ना जरा," मी म्हटलं. "पाठ धरलीय गं. दिवसभर शिकाऊ लोक क्लच सोडतात, धक्के मला." हसली. हसताना एक हात छातीवर गेला आणि लगेच पदर सारखा करायला वळला. मी तिचा हात धरणार, तेवढ्यात तिने कपबश्या उचलल्या. कधी नव्हे ती स्वतः विसळायला गेली. मी असताना कपबश्या मीच विसळायच्या, हा आमचा लहानपणापासूनचा कायदा.

हात गरम लागला असता. म्हणूनच.

मी पाठीवर विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

२२ मे

फोन केला. "ताई, ताप येतोय का?"

"नाही."

"येत असेल तर तिथल्या नर्सला सांग. सगळ्यांना तोच नियम आहे."

"सांगितलं की औषध बंद करतील माझं."

"बंद नाही करत गं."

"तुला काय माहीत?"

मला काय माहीत! मला तेवढं एकच तर माहीत आहे. जिभेच्या टोकावर होतं. ते एक वाक्य बोलले की साठ जणांच्या चाचणीला खोट. ताईच मग म्हणाली, "बरं, आम्ही अनोळखी बायकांशी जास्त बोलत नाही," आणि फोन ठेवला.

२८ मे, मंगळवार

आज धीर केला. रजिस्टरबाई ट्रे घ्यायला आली तेव्हा सहज विचारल्यासारखं म्हटलं, "अकरा नंबर जरा ओढल्यासारख्या दिसतात नाही?"

ती लिहिता लिहिता थांबली. पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, तुम्हाला कुठे दिसल्या?"

"येता-जाता."

"ताप नव्याण्णवच्या खाली आहे त्यांचा. त्रास नाही म्हणतात." मग आवाज खाली आणून – "रागावू नका. पण तुम्ही कोणत्याच नंबरबद्दल काही बोलत जाऊ नका. तुम्हाला पाकिटातलं माहीत असतं. तुम्ही 'ओढल्यासारख्या' म्हणालात की मला वाटणार, यांना पाणी असेल. माझी नजरच बदलते."

बरोबर आहे तिचं. शंभर टक्के बरोबर आहे.

३ जून, सोमवार

दुपारी भावोजी दवाखान्याच्या फाटकाशी आले. आत यायचं नाही, हेही ठरलेलं. उन्हात उभे राहून रुमालाची घडी घालत होते, मोडत होते.

"ती दर मंगळवारी निघायच्या आधी तापाची गोळी घेते. दोन-दोन. इथे येईपर्यंत ताप उतरलेला असतो. मला शपथ घातलीय – कोणाला सांगायचं नाही, तुला तर मुळीच नाही. कालपासून चार पावलं चालली की थांबते. मी शपथ मोडतोय. काय व्हायचं ते होऊ दे."

उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जाणार. सांगणार – ती माझी बहीण आहे, आजारी आहे, लपवतेय. नोकरी जाईल. सही खोटी होती, परवानाही जाईल कदाचित. चालेल!

उद्या.

४ जून, मंगळवार

डॉक्टर मीटिंगमध्ये होते. नाही सांगता आलं.

खोटं. या वहीत तरी खोटं नको. दार उघडं होतं. ते एकटे होते, संत्रं सोलत होते. मी दारातून परत फिरले. म्हटलं, आज इंजेक्शनचा दिवस, रजिस्टरबाई तपासेलच, आज तरी तिच्या लक्षात येईल. आणि खाली येऊन अकरा नंबरची सिरिंज भरली.

६ जून

ताई गाडीत कोसळली.

सकाळी दहा वाजता, भर रस्त्यात, शिकवता शिकवता. गाडी चालवणारी बाई – तिचा पाचवाच धडा होता – तिने इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग किंचाळली. भावोजी हे तीनदा सांगत होते. "इंडिकेटरसुद्धा दिला तिने!"

हृदयाभोवती पाणी साठलं होतं. हृदयाला उघडमीट करायला जागाच उरली नव्हती. सुई घालून काढलं. अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सने अडवलं, "मॅडम, तुम्ही? औषध खालून मागवलं नाही अजून."

"मी बहीण आहे तिची," मी म्हटलं.

रजिस्टरबाई मागे उभी होती. तिच्या हातातली फाइल तशीच राहिली.

मोठे डॉक्टर धावत आले. "कपाट उघडा, हिला काय मिळत होतं ते बघा, कागद आणा!" मी म्हटलं, "पाणी. नऊ एप्रिलपासून." कागदाला हात न लावता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आत ताई शुद्धीवर होती. तोंडावर मास्क. मला बघून मास्क बाजूला केला आणि पुटपुटली, "मॅडम... तुम्ही इकडे कशा?"

मी तिचा हात धरला. या वेळी तिने सोडवून घेतला नाही.

७ जून

खरं औषध दिलं. मी नाही भरलं – मला त्या खोलीत जायची बंदी. दुसऱ्या दवाखान्यातून माणूस आला.

पाणी परत साठतंय.

१० जून

ताई गेली. सकाळी सव्वाअकरा. दुसऱ्यांदा पाणी काढत होते.

२ जुलै

चौकशी. लांब टेबल, पाच माणसं, मी एका टोकाला. सगळं सांगितलं. एकाने विचारलं, "तुम्ही पेशंटला कधीही, कोणत्याही शब्दांत, पाणी मिळत असल्याचं सूचित केलंत?"

"नाही."

"नक्की?"

"सांगितलं असतं तर ती जगली असती," मी म्हटलं. कोणी लिहून घेतलं नाही. नोंदी घ्यायला बसलेल्या रजिस्टरबाईनेसुद्धा.

परवाना काढून घेतला. बरं झालं. हात धुताना अजून मोज्यांचा वास येतो.

एकच गोष्ट सारखी डोक्यात. ती गोळी गिळून ताप उतरवत होती, कशासाठी? जे तिला मिळतच नव्हतं ते कोणी काढून घेऊ नये म्हणून. मी गुपित पाळलं. इतकं चोख पाळलं की माझी बहीण त्यात मेली.

१४ ऑक्टोबर

रजिस्टरबाईचं पत्र. हाताने लिहिलेलं, तारीख-वेळेसकट.

चाचणी लवकर थांबवली – औषध इतकं चांगलं ठरलं की पुढे कोणाला पाणी देणं अन्याय झाला असता. खरं औषध चालू होतं त्यांच्यापैकी दोघांचाच त्रास उलटला. पाणी मिळालेल्या जवळजवळ सगळ्यांचा. सगळ्यांनी वेळेवर सांगितलं, सगळे वाचले. सात नंबरला खरं मिळत होतं हे आता तिलाही कळवलंय, ती बरी आहे.

शेवटी एक ओळ – "अकरा नंबर हिशेबात धरलेला नाही. भरणारीशी नातं होतं म्हणून. तुम्हाला दुसरीकडून कळू नये, म्हणून मी लिहिते."

२० ऑक्टोबर, रविवार

भावोजी आले. मी तेच परत बोलत बसले – तिला माहीत नव्हतं, मी एक शब्द बोलायला हवा होता. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले –

"पुरे गं. तुझ्याकडे चिठ्ठ्या आल्या त्या दिवशीच तिला कळलं होतं. त्या संध्याकाळी तू फोन करून 'जेवलीस का' विचारलंस. तू जन्मात कधी विचारलं नव्हतंस. फोन ठेवून मला म्हणाली, 'मला पाणी आलंय हो. आता मी लगेच तक्रार केली तर म्हणतील, बहिणीने सांगितलं. काही आठवडे जाऊ देत. धाकटीची नोकरी जायला नको.'"