आईंची खुर्ची आणि लॅनची डबी

थोरल्या वन्संना,

सादर नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाच्या पाठीची आधी चौकशी करायची असते, हे मला माझी स्वतःची पाठ धरल्यावर कळलं. इकडे सगळे ठीक. तुमचे बंधुराज ठीक, अप्पा ठीक, आई ठीक (या शेवटच्या ‘ठीक’बद्दल खाली लिहिते), आणि तुम्ही लांबून आखून दिलेलं नेटवर्कही ठणठणीत आहे. हे तक्रारीचं पत्र नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुम्ही गेल्या खेपेला आलात तेव्हा आपल्या स्टुडिओची व्यवस्था पाहिलीच होतीत. खाली तुमचे बंधुराज फोटो काढणार, वर अप्पा संगणकावर त्यांतले डाग-सुरकुत्या घालवणार आणि मागच्या खोलीत मी ते छापणार. फोटो इकडून तिकडे जायचे ते आईंच्या चष्म्याच्या घरातून, पेनड्राइव्हवर. (चष्मा डोक्यावर, पेनड्राइव्ह घरात.) जिन्याच्या वळणावर त्यांची खुर्ची. तिथून तिन्हीकडचं ऐकू येतं, हाक आली की उठायचं. त्यांनी गुडघा धरून जिना चढताना तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, “आई म्हणजे काय या घरातली वायर आहे का?” नेटवर्क त्याच दिवशी ठरलं.

मग तुम्ही फोनवर समजावून सांगितलंत ते मला अजून पाठ आहे. माणसाच्या अंगाभोवती, म्हणजे फोनला घड्याळ जोडलं की पॅन. एका इमारतीपुरतं लॅन. शहरभर पसरलं तर मॅन. आणि तुमच्या नि आमच्यासारखं, मधे डोंगर-समुद्र टाकून जोडलेलं ते वॅन. आणि यांतलं काहीही असो, एकाला दुसऱ्याशी जोडायला दारात राउटर उभा. आम्हाला हवं होतं लॅन, इथवर एकमत होतं. पण जोडणी कशी करायची, हे तुम्ही आमच्यावर सोडलंत. वन्सं, तुम्ही या घरात वाढलात, तरी तुमच्या हातून हे व्हावं! पर्याय चार होते: सगळ्यांची एकच सामाईक तार, गोल कडं, एकाला एक जोडलेली रांग, नाहीतर मधे एक डबी आणि प्रत्येकाची तार तिच्यात. अप्पांनी रांग निवडली. त्यांचं म्हणणं, मधे कोणी मुखत्यार नको. तारा ओढणारे गृहस्थ म्हणाले, “आजोबा, असं आता कोणी करत नाही.” अप्पा म्हणाले, “मग आपण करू.” केली. रांगेत मधोमध अप्पांचा संगणक. आणि अप्पांना तुम्ही ओळखता, पंखा, दिवा, इस्त्री, जे दिसेल त्याचं बटण बंद करून ते दुपारी झोपतात. अप्पा आडवे झाले की आख्खं घर तुटायचं. खालून बंधुराज ओरडायचे, “फोटो पोचला का?” मागून मी, “कुठला फोटो?” आणि वरून घोरणं, तेवढं मात्र सगळीकडे नीट पोचत होतं.

शेवटी डबी आणली. स्विच म्हणतात तिला, हे मी तारवाल्यांकडून शिकले. डबी मधोमध हवी, म्हणून त्यांनी टेप लावून घर मोजलं. तिन्ही खोल्यांना सारखी जवळ अशी एकच जागा निघाली. ती जिन्याच्या वळणावरची, आईंच्या खुर्चीची. आईंनी स्वतःच खुर्ची उचलली. “मला काय, कुठेही बसेन,” म्हणाल्या, आणि वरच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

काम झपाट्याने होऊ लागलं. खाली फोटो निघाला की शब्द न बोलता वर, वरून मागे. आम्ही तिघं एकमेकांना जेवतानाच भेटू लागलो. आणि मग एक गृहस्थ आले, दिवंगत वडिलांचा जुना फोटो नीट करायला दिला होता तो न्यायला. बराच वेळ बघून म्हणाले, “फोटो छान आहे हो. पण हे माझे वडील नाहीत.” अप्पांनी कपाळावरचा व्रण पुसला होता. व्रण ठेवायचा, हे गृहस्थांनी काउंटरवर बजावून सांगितलं होतं, बंधुराज ते विसरले, आणि फोटो तारेतून एकटाच वर गेला. (पूर्वी कधीही एकटा गेला नव्हता. आई त्याच्याबरोबर जायच्या आणि कोणाचा तीळ ठेवायचा, कोणाचे केस काळे करायचे, कोण रागावून गेलंय, हे सगळं सांगायच्या. आम्हाला वाटायचं, त्या गप्पा मारतात.) फोटो पुन्हा केला. गृहस्थ समजूतदार निघाले.

आई मात्र त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. एरवी अप्पांना महिनाभर टोमणे पुरले असते. गुडघा उलट जास्त दुखतो म्हणतात, जिना सुटल्यापासून. परवा त्यांनी माळ्यावरची बॅग काढून पुसली आणि मला म्हणाल्या, “थोरलीकडे जाऊन राहीन म्हणते. इथे आता माझं असं काय आहे?” मी म्हटलं, “मी आहे की.” त्यावर त्या हसल्या, पण बॅग काही परत ठेवली नाही. आम्ही सासू-सुना एरवी एकमेकींना असं काही बोलत नाही.

असो. बाकी नेटवर्क उत्तम. पाठीला शेक घेत जा.

तुमची,
भावजय

ता. क. : खरं सांगायचं तर एका कामासाठी लिहिलं. आई तुमच्याकडे येण्याआधी तुम्ही त्यांना फोन करा आणि सांगा की तारेचा भरवसा नसतो, पेनड्राइव्ह घेऊन एक माणूस फिरता लागतोच. आमचं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही संगणकाच्या कामातल्या, तुमचं ऐकतील.

ता. क. २ : वरचं सांगू नका. पत्र पाकिटात घालण्याआधी मीच गुपचूप माझी तार डबीतून उपसली, म्हटलं फोटो अडला की आईंना हाक मारू. हाक मारायच्या आतच त्या जिन्यात आल्या, डबीवरचा दिवा विझलेला पाहिला, वाकल्या, तार खटकन बसवली आणि दिवा लागेपर्यंत हलल्या नाहीत. मग वर बघून, पूर्वीच्या आवाजात, “सुटली होती गं! या घरात कोणाचं लक्ष म्हणून नाही!” दुपारी अप्पांची तार सुटली. संध्याकाळी तुमच्या बंधुराजांची. मी कोणाला काही विचारलं नाही. आईंनी खुर्ची स्वतःच खाली आणलीय, डबीशेजारी. तेव्हा वन्सं, फोनवर एवढंच सांगा, की अशा डबीतून तारा आपोआप निसटतात आणि घरात एकाने कायम नजर ठेवावी लागते. निसटण्याचं आम्ही बघून घेऊ.