सगळं पेणमध्ये आहे

वरसे, ता. रोहा
मंगळवार सकाळ (सुरैय्या मासळी आणायला गेली आहे, तेवढ्या वेळात)

प्रिय उबेद यास,

अस्सलामु अलैकुम. तुझी तब्येत कशी आहे? मस्कतला उकाडा फार असेल. गुडघा दुखतो म्हणून मागे म्हणाला होतास, त्याला तेल लावतोस की नुसताच फोनवर सांगतोस? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. सर्वांतून एक जण वगळला तर ते खरंही आहे.

आजच्या काळात हाताने पत्र लिहिणारा तुझा दुलाभाई हा शेवटचाच माणूस, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलावं, तर माझ्या बायकोचे, म्हणजे तुझ्या बहिणीचे, कान तुला माहीत आहेत. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावं, तर रोह्यापासून कुवेतपर्यंत चौतीस माणसं वाचणार आणि पस्तिसावा सल्ला देणार. आणि संगणकावर टाइप करावं, तर हे सगळं त्याच्याबद्दलच आहे. ज्याची तक्रार करायची त्याच्याच हातून ती लिहून घेणं मला बरं वाटेना. (शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, तेवढा रिवाज पाळतो.) शुक्रवारी तुझ्या मावशीचा आकिब सुट्टी संपवून परत मस्कतला निघतोय, त्याच्याबरोबर सुकट आणि पापडांच्या डब्यात हे पाकीट येईल. वर मोठ्या अक्षरात 'खाजगी' लिहिलेलं आहे. मला तुझ्याकडून काहीही नको आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

तर संगणक. नऊ वर्षांपूर्वी सुट्टीवर आला होतास तेव्हा तूच घेऊन दिलेला, तोच. त्याच्यावर आमची उजमा शिकली, त्याच्यावर मी माझं आत्मचरित्र लिहायला घेतलं ('आवक-जावक', एकशे चाळीस पानं, अजून माझी बढती व्हायची आहे), आणि त्याच्यातच तुमच्या अम्मांची गाणी होती. तुला माहीत आहेच, तरी लिहितो. अम्मा गेल्या त्याच्या आदल्या वर्षी उजमाने माइक लावून त्यांच्याकडून लग्नातली एकोणीस गाणी गाऊन घेतली. मेहंदीची, हळदीची, पोरीला वाटेला लावायची. ती आता वरशात पूर्ण कुणालाच येत नाहीत, दोन ओळी झाल्या की बायका गुणगुणून वेळ मारून नेतात. पुढच्या महिन्यात उजमाचं लग्न आहे. नातीच्या मेहंदीला आजीनेच गायचं, हे सुरैय्याने तीन वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलंय. हॉलपेक्षा आधी तिने स्पीकर ठरवला.

गेल्या महिन्यात या संगणकाने चालता चालता मान टाकायला सुरुवात केली. अर्ज लिहिता लिहिता पडदा निळा, नमस्कार लिहिला की बंद. मग एके दिवशी त्याने स्वतःहूनच अपडेट सुरू केलं आणि पडद्यावर लिहिलं की काम चालू आहे, संगणक बंद करू नका. आपण सरकारी शाळेत जन्म काढलेली माणसं, लेखी सूचना मोडत नाही. मी घरात मिक्सर बंद केला, इस्त्री बंद केली, पंखासुद्धा एकावर आणला, न जाणो भार वाढला आणि लाईट गेली तर. सत्तावीस टक्क्यांवर तो जो थांबला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सत्तावीसच. शेजारच्या ठमाबाई येऊन दारातूनच विचारून गेल्या, "कसा हाय आता?" मी म्हटलं, सत्तावीस. त्या म्हणाल्या, "उतरल हो," आणि गेल्या. (त्यांना वाटलं आमच्याकडे कुणाला ताप आहे.) तिसऱ्या दिवशी लाईट गेलीच. आली तेव्हा संगणक उठेना.

म्हणून मी मितेशला फोन केला. मितेश म्हणजे धरमतरच्या बाजूच्या जनू आगऱ्याचा मुलगा. जनू मिठागरात काम करायचा आणि मितेश माझ्या डोळ्यांदेखत शाळेतून बाहेर पडला. आता डोलवीला कंपनीत आहे, दोन मुलांचा बाप आहे, शिफ्ट सांभाळून लोकांचे संगणक सुधारतो. माणूस हुशार आणि सरळ. फक्त त्या खाडीकडच्या लोकांच्या जिभेला ण आणि ळ हे दोन वर्ण जड जातात. पाण्याला पानी, शाळेला शाला. एकतीस वर्षं मी दाखल्यांवर त्यांची गावं त्यांच्या तोंडून ऐकून शुद्ध करून लिहीत आलोय, त्यामुळे माझा कान आपोआप दुरुस्ती करतो. या कानाचा मला अभिमान होता. होता असं लिहिलंय, ते नीट वाच.

मी फोन स्पीकरवर टाकला होता. मितेशने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, सिस्टम बसलीय. मी एक युक्ती सांगतो, तेवढी केली की तो तात्पुरता उठंल. पन नंतर सगलं पुसून नवीन सिस्टम टाकावी लागंल. आमच्या बाबांचं आगर कसं, पावसाल्यानंतर तला तुडवून परत नवा करावा लागतो, नायतर मीठ धरत नाय. तसंच. फक्त त्याच्या आधी सगलं पेनमध्ये ठेवा. पेनमध्ये ठेवल्याबिगर मी हात लावनार नाय."

माझ्या कानाने ताबडतोब दुरुस्ती केली. पेणमध्ये.

आता तू म्हणशील, दुलाभाई, एक क्षणभर तरी विचार करायचा. केला ना! मी विचार केला की पेणच का? तर पेणला लाईट कमी जात असेल. शिवाय डोलवीहून पेण त्याला हाताशी. शिवाय पेणला माझे जुने सहकारी हैबतराव राहतात, त्यांच्याकडे पुढची खोली रिकामीच असते. इतकी कारणं जुळल्यावर शंकेला जागा कुठे उरते? सुरैय्या तिथेच कोळंबी सोलत बसली होती. तिने मला दोनदा विचारलं, "नक्की पेनलाच न्यायचा हाय काय?" मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे, तुला नाही कळायची. तिने मान डोलवली आणि मला दोन दिवसांची तांदळाची भाकरी बांधून दिली. उबेद, बायको इतक्या लवकर गप्प बसली की माणसाने सावध व्हावं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊनही मी झालो नाही.

युक्तीने तो उठला, मी त्याला परत झोपवला आणि चादरीत गुंडाळून एसटीत खिडकीशी बसवला, स्वतः बाहेरच्या बाजूला बसलो. भिसे खिंडीत दोन्ही हातांनी धरला. नागोठण्याच्या अलीकडे म्हशींनी रस्ता अडवला, तेवढाच काय तो उशीर. पेणला हैबतरावांनी स्टुलावर जागा करून दिली. त्यांनी विचारलं, इथे आणून काय होणार? मी म्हटलं, इथे ठेवल्याशिवाय तो हात लावत नाही. ते म्हणाले, पूर्वी काविळीला असंच असायचं, ठरावीक गावीच न्यावं लागे. विमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्याच्यावर पोह्याच्या पापडांची परात ठेवली, कारण तो भाग कोमट असतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. (बंद असतानाही कोमट असतो का, हे मी विचारलं नाही. पाहुण्याने विचारू नये.)

शनिवारी मितेशचा फोन आला. तो जसाच्या तसा लिहितो, कारण मला अजूनही यात माझी चूक कुठे हे दाखवता येत नाही. तो म्हणाला, "काका, गेलं काय सगलं पेनमध्ये?" मी म्हटलं, गेलं, व्यवस्थित. "किती वेल लागला?" दीड तास, मध्ये थोडं अडकलं होतं. "अडकतं, जुनं हाय ना." मी म्हटलं, मी स्वतः धरून होतो. यावर त्याने घरातल्यांना टीव्ही बारीक करायला सांगितला. मग म्हणाला, "बरं. मशीन कुठं हाय?" हैबतरावांकडे, पेणला. "अरे वा, पेनला हाय तर बरंच झालं, मना डोलवीवरना जवल." पाहिलंस? त्याने स्वतः गावाला पेन म्हटलं. आता कुठलं न्यायालय मला दोषी धरेल?

रविवारी तो आला, परात उतरवली, तारा जोडल्या आणि फॉरमॅटच्या आधी पुन्हा एकदा, माणूस सरळ म्हणून सांगितलं ना, पुन्हा एकदा विचारलं, "काका, शेवटचा विचारतो. सगलं पेनमध्ये हाय ना? मंग मारू?" मी समोर बघितलं. संगणक हैबतरावांच्या घरात, हैबतराव पेणमध्ये. मी म्हटलं, डोळ्यांनी दिसतंय ना, मार.

त्याने मारला. तीन तास लागले. नवी सिस्टम, तिच्यावर अपडेट, त्या अपडेटवर आणखी अपडेट. विमलबाईंनी दोनदा चहा दिला, पापड तळले. मग मितेशने पडद्यावरची नजर न काढता माझ्याकडे हात पसरला आणि म्हणाला, "हां, आता द्या पेन."

मी खिशातलं निळं बॉलपेन काढून त्याच्या हातावर ठेवलं.

तो त्या पेनाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्याने अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं, पेन ड्राइव्ह म्हणजे काय ते मला समजावून सांगितलं. हैबतराव तेवढ्यात उठून आत गेले. त्यांच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला, पण समोर हसले नाहीत, जुनी ओळख आहे. मितेशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आणखी दोन तास काहीबाही करून पाहिलं आणि काही निघालं नाही. त्या पोराचा मला राग नाही, त्याला तसं तू भेटलास तर सांग.

संगणक आता घरी आहे आणि अतिशय स्थिर आहे. निळा पडदा नाही, अडकणं नाही. आत काहीच नाही म्हटल्यावर अडकेल कशाला? सुरैय्याने विचारलं, "गाणी?" मी म्हटलं, पेणमध्ये आहेत. (खोटं नाही. जिथे गेली तिथेच गेली.) तीही ठमाबाईंच्या संगतीने हल्ली पेणला पेनच म्हणते. म्हणाली, "पेनमध्ये हायत म्हणजे बरी हायत," आणि हसून कोळंबीला फोडणी दिली. तिचा इतका विश्वास बघून मला जेवण गेलं नाही.

आत्मचरित्र गेल्याचं दुःख नाही, ते मला पाठ आहे. पण तुला एक सांगतो. अकरावं गाणं आठवतं? मध्येच थांबून अम्मा म्हणतात, "जमालला सांगा पंखा बंद कर. हा जावय काय कामाचा नाय गो." दर वेळी ते गाणं लागलं की मी त्याच जागी उठून चहा करायला जायचो, इतका तो शब्द मला लागायचा. आता नऊ दिवस झाले, घरात चहा करायला उठलो की ते वाक्य ऐकू येत नाही आणि मला रडू येतं. अम्मा बरोबर बोलल्या होत्या, हे मी त्यांचा आवाज पुसून सिद्ध केलं.

असो. गुडघ्याला जप. आकिबला उपाशी पाठवू नकोस.

तुझा दुलाभाई,
जमाल

ता. क. : काहीही नको असं वर लिहिलंय ते कायम आहे. फक्त अम्मा गेल्या त्या साली तू सुट्टीवर आला होतास, तेव्हा एका दुपारी दोन यंत्रांना वायर लावून बसला होतास. तू गाणी घेतलीस की क्रिकेटची मॅच, मला माहीत नाही. गाणी असतील तर लग्नाला येताना लॅपटॉप घेऊन ये. सुरैय्याला कळू देऊ नकोस. मॅच असेल तर मला आधी कळव, म्हणजे मी माझी व्यवस्था हैबतरावांकडे करतो.

दुसरा ता. क. : गाणी असतील आणि एकच आणणं शक्य असेल, तर अकरावं आण.

* * *

उबेद, मी आपा. 'खाजगी' लिहिलेलं पाकीट मी पापडाच्या डब्यात घालायचं आणि वाचायचं नाही, असं यांना वाटतं.

मितेशचा फोन स्पीकरवर होता. पेन म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. यांनी युक्तीने मशीन उठवली आणि चादर शोधायला गेले, तेवढ्यात उजमाने एकोणीसच्या एकोणीस गाणी पेन ड्राइव्हमध्ये काढली. तो माझ्या तांदळाच्या डब्यात हाय. आत्मचरित्र घ्यायचं राहिलं. जागा होती. पेणला जाऊ दिलं, कारण लग्नाची यादी करायला मला दोन दिवस शांतता हवी होती. सांगणार होते त्याच दिवशी, पण परत आल्यापासून हे पंखे बंद करत फिरतात, भांडी घासतात, मला काही विचारायच्या आधी दारात उभे राहतात. आणखी थोडे दिवस बघते.

तू एवढंच कळव की तुझ्याकडे मॅच हाय.

आणि तुला आठवतं की नाही ठाऊक नाही. अकराव्या गाण्यात हे उठून जातात, त्याच्यापुढे अम्मा आणखी बोलली हाय. यांनी ते कधी ऐकलंच नाय. "हा जावय काय कामाचा नाय गो," म्हणते, मग खोकते, आणि म्हणते, "पन माझ्या पोरीला हसवतो. राहू दे पंखा."

मेहंदीला ते गाणं मी लावणार हाय, आणि यांचा हात धरून बसणार हाय, चहाला उठू देणार नाय.