बारीक तार

गुरु., ९ एप्रिल
पप्पांची सुट्टी. वरचे सोनवणेकाका नाइट शिफ्ट करून झोपलेले, म्हणून सकाळचा रियाज मुका. व्हायोलिनचा गज तारेला लावायचाच नाही, बोटभर वर धरून नुसता हात फिरवायचा. निघोज्यात आठवडाभर कंपन्यांचा धडधडाट. गुरुवारी कंपन्या बंद, तेवढी शांतता, तर वाजवायची चोरी! आणि पोलंडची स्पर्धा तोंडावर.
‘चिमणी’ पूर्ण केली, हवेतल्या हवेत. (सगळा तुकडा बारीक तारेवर चिवचिवतो म्हणून चिमणी. व्हायोलिनचे सर चिडतात या नावावर.) पप्पा चहा घेऊन दारात उभे होते. संपल्यावर म्हणाले, “वा! आज लई गोड वाजलं.”
मी हसले. मग लक्षात आलं.

शुक्र., १०
आईला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, “प्रेस मशीनवर जन्म गेला त्यांचा. कान राहतेत व्हय? कुठं बोलू नको. कंपनीत कळलं तर मशीनवरून काढतील.”
म्हणजे हिला माहीत. मला वाटायचं, टीव्ही मोठा लावायची खोडच आहे.
माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून मान डोलावतात. कधीपासून ऐकू येत नव्हतं? फार राग आला. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मंगळ., १४
जयंती. मिरवणुकीत पप्पा ढोलाला चिकटून. छातीवर हात ठेवून ओरडले, “हे आलं बघ!”
घरी आल्यावर त्यांचा तळवा व्हायोलिनच्या पाठीला लावला. जाड तार वाजवली. “आली.” पुढची. “आली.” तिसरी. “थोडी.” बारीक तारेला माझ्या तोंडाकडे बघत राहिले, काय उत्तर द्यावं म्हणून.
मोठ्यानं म्हटलं, “पप्पा, खरं सांगा.”
“न्हाई आली.” मग म्हणाले, “तू एवढं जीव लावून वाजवतीस. कसं सांगू?”

गुरु., १६
ताथवड्याला सरांकडे. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत एक तुकडा आपल्या पसंतीचा. म्हटलं, चिमणी नको, ‘म्हैस’ वाजवते. म्हैस म्हणजे जाड तारेवरचा, संथ. स्पर्धा लाइव्ह दिसणार आहे. सोनवणेकाका मोठा स्पीकर देतो म्हणालेत. त्यावर हात ठेवला की पप्पांना म्हैस कळते, काल लावून बघितलं.
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नोटेशनची वही मिटली. मग, “परीक्षक तुझे पप्पा आहेत का गं? चिमणीवर तू पुढच्या फेरीत जाशील. म्हशीवर नाही.”
खरं तेच बोलले. म्हणून जास्त लागलं.

बुध., २९
बॅग भरली. पप्पांना विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर चिमणीच म्हणणार.

रवि., ३ मे
पोलंड. बोटं गारठतात. उद्या सकाळी तुकड्याचं नाव द्यायचंय. दोन्ही तयार आहेत, मीच नाही.
व्हिडिओ कॉल. मागे स्पीकर आणून ठेवलेला, त्यावर आईनं धुतलेला टॉवेल अंथरलाय. फोन पप्पांकडे दिला. शेवटी विचारलंच, “पप्पा, कोणता वाजवू?”
तोंडभर हसले. “हो हो, जेवलो. तू जेवलीस?”
मीही मान डोलावली, पहिल्या रांगेत ते डोलावतात तशी.