चाकाच्या बोल्टांबद्दल थोडंसं

कॅलोवी बे,
४ मार्च

प्रिय रेक्स,

तू बरा असशील. मीही बरा आहे. फक्त डावा गुडघा, झोप आणि पावसाच्या पाण्याची टाकी तेवढी बरी नाही. टाकी तळाशी पाझरते असं मला वाटतं, प्लंबरला वाटत नाही. टोमॅटो यंदा चांगले आलेत, म्हणजे आता त्यांना काहीतरी होणार.

दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला टपालाने पत्र कशाला, असं तुला वाटेल. दुकानात तिकीट देताना ग्लेनिसनेही तेच विचारलं. "अहो आल्बी, हे पत्र आधी अ‍ॅडलेडला जाणार, तिथून उलटं इथे येणार, तोवर शुक्रवार उजाडेल. रेक्स आत्ताच दूध घेऊन गेला. दारातून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती."

मी म्हटलं, "मला घाई नाही."

"रुसवा तुम्हा दोघांचा, पायपीट टपालखात्याची," ती म्हणाली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. ऑक्टोबरपासून आपण बोलत नाही हे गावाला पाठ झालंय. का बोलत नाही ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा ते इथे नको.

काम असं आहे. तू जन्मभर धान्याच्या सायलोवर फिटर होतास, लोखंड तुला कळतं. मी लहानपणीच शाळा सोडून मेंढ्यांमागे गेलो, मला मेंढ्या कळतात. माझ्या नव्या गाडीला अजून वर्षही झालं नाही आणि चाकांचे बोल्ट तपकिरी पडलेत. चाकं आरशासारखी आणि त्यात हे गंजके डोळे. बाजूने पाहिलं की गाडी रडून रडून थकल्यासारखी दिसते.

शोरूमला नेली होती. तिथल्या बाई खाली बसल्या, नखाने बोल्ट खरवडला. "वरवरचा गंज आहे हा. दिसायला वाईट, बाकी काही नाही."

"आत गेला तर?"

"नाही जात."

"चाक निखळलं तर?"

"नाही निखळत, काका."

"मी महामार्गावर असताना निखळलं तर?"

त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी समुद्रात घालता का हो तुम्ही?"

मी म्हटलं, आम्ही काठावर राहतो, हवाच खारट. त्या म्हणाल्या, हवेने एवढं होत नाही. शहरातल्या लोकांना हवेतलं काही कळत नाही.

तर हे कशाने घासावं तेवढं सांग. ईस्टरला तुझी भाची जॅनीन येते आहे. तिच्या नजरेला ते बोल्ट पडू नयेत, एवढंच. का, ते विचारू नकोस. तसंही तू सध्या काही विचारत नाहीस.

तुझा मेहुणा, अजून तरी,
आल्बी


कॅलोवी बे,
१९ मार्च

रेक्स,

फाटकाला बांधलेला तारेचा ब्रश मिळाला. चिठ्ठी नव्हती, पण गाठ तुझी होती. ती मला सुटली नाही, सुरीने कापली. ब्रशबद्दल आभार. दोरीबद्दल माफ कर.

बोल्ट घासले. व्हिनेगर लावलं, पाण्याने धुतले, डल्सीच्या जुन्या टॉवेलने पुसले. तुझी बहीण असती तर टॉवेलावरून माझी शाळा घेतली असती. बोल्ट छान उजळले. मग माझ्या डोक्यात आलं, उघडं लोखंड पुन्हा गंजणार, वर काहीतरी लेप हवा. शेडमधला रंगाचा डबा उघडला तर आत रंगाची वीट झालेली. मग न्हाणीघरातल्या डल्सीच्या खणात नखांचा रंग सापडला. पारदर्शक असेल असं समजून लावला. शेडमध्ये उजेड कमी आहे, हे तुला माहीत आहे.

बाहेर आणल्यावर कळलं की तो पिकलेल्या जर्दाळूसारखा केशरी आहे.

धक्क्यावर डेस उभा होता. "काय आल्बी, गाडीला स्थळं बघताय का?" दुसरा कोणी म्हणाला, "हातापायाची नखं झाली, आता केस कुरळे करा." डेसने तर टोपी काढून गाडीला विचारलं, "बाईसाहेब, संध्याकाळी मोकळ्या आहात का?" मी काच वर केली आणि घरी आलो.

आता तू म्हणशील, नुसत्या खारट हवेने चारही चाकांचे बोल्ट असे कसे गंजले? बघ, तुला फसवता येत नाही हे मला आधीपासून माहीत होतं. ग्लेनिसने तुला सांगितलंही असेल. ती दुकानात बसते पण तिला आख्खा किनारा दिसतो.

या किनाऱ्यावर कोणी शहाणा माणूस होडी उतरवायला स्वतःची गाडी पाण्यात नेत नाही. त्याला ट्रॅक्टर लागतो. माझी होडी आजवर तुझ्याच ट्रॅक्टरने उतरली. यंदा तसं सांगायला यायची सोय नव्हती. म्हणून मी गाडीलाच ट्रेलर जोडला आणि उलटी नेली. आधी फक्त मागची चाकं भिजायची. मग एकदा ती शेवाळावरून घसरली आणि पाणी दाराला लागलं. मी आत, खाली माकुल मासा पोहतोय, आणि गाडी टिंग टिंग करून मला सांगतेय की पट्टा लावा. मी लावला, रेक्स. घाबरलं की माणूस सांगितलेलं ऐकतो.

पुढचं लिहायला जड जातंय, पण जॅनीन पुढच्या गुरुवारी येते आहे.

जानेवारीत मला कपडे वाळत घालताना चक्कर आली. थोडीशीच. उठलो तेव्हा तोंडावर ओली चादर होती, मला वाटलं आटोपलं. डॉक्टरांनी जॅनीनला फोन केला, हा त्यांचा आगाऊपणा. ती म्हणाली, "बाबा, होडीत एकटं जायचं नाही. गेलात असं कळलं तर मी होडी विकेन, सरळ विकेन." मी म्हटलं, एकटा कुठे, रेक्समामा असतो की बरोबर.

तिला खूप बरं वाटलं. ती तुझे आभार मानायला तुझ्या घरी येणार आहे.

तिला बोल्ट दिसले तर ती विचारेल, गाडी पाण्यात कशी गेली, मामाचा ट्रॅक्टर कुठे होता? तुला भेटली तर मग सगळंच संपलं. होडी गेली तर मी काय करू? टाकीकडे बघत बसू?

तुला खोटं बोल असं मी सांगत नाही. ती आभार मानेल तेव्हा नुसतं "त्यात काय एवढं" म्हण. ते काही खोटं नाही.

काळजीत असलेला,
आल्बी


कॅलोवी बे,
ईस्टरचा सोमवार

रेक्स,

जॅनीन आत्ता गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला आणि लगेच लिहायला बसलो.

गुड फ्रायडेला तिने दुकानातला मासा आणला. आपल्या घरात! बर्फाची चव होती त्याला. मी मुकाट्याने खाल्ला. मग ती तुझ्याकडे आली. तू काय म्हणालास ते तुला माहीतच आहे, पण तिने येऊन मला कसं सांगितलं ते ऐक. पोट धरून हसत होती.

"बाबा, मामा म्हणाला, तुझा बाप होडीत असला की मासे पळतात. सतत बडबड. ढग आला की वादळ, लाट आली की त्सुनामी. सँडविच स्वतःचं संपवून माझ्याकडे बघत बसतो. पण काय करणार, बसतो मी बरोबर."

हे सगळं खरं आहे, रेक्स. फक्त यंदाचं नाही.

मग ती गाडी बघायला शेडमध्ये गेली. मी मागोमाग. चाकाजवळ वाकली. मी म्हटलं, संपलं. तिने बोल्टावर बोट ठेवलं.

"हा आईचा रंग ना? माझ्या लग्नात लावलेला?"

मी हो म्हटलं. मला तोवर आठवलंच नव्हतं.

तिने डोळे पुसले. नंतर बोटाने चाकाच्या आतली वाळू काढली, समुद्री गवताची एक काडी काढली, माझ्यासमोर धरली. तुझ्या बहिणीची मुलगी आहे ती. म्हणाली, "मामाचा ट्रॅक्टर बिघडला होता का?"

मी म्हटलं, "तो ट्रॅक्टर या किनाऱ्यावरचं सगळ्यात चांगलं यंत्र आहे. बिघडलं असेल तर दुसरंच काहीतरी."

ती म्हणाली, "मग ते दुरुस्त करा, बाबा. मी पुढच्या महिन्यात फोन करेन. तुम्हाला नाही, मामाला." काडी माझ्या खिशात ठेवली आणि चहा टाकायला गेली.

आता ते ऑक्टोबरचं. तू माझी नवी गाडी बघायला ट्रॅक्टर घेऊन अंगणात आलास. हातात बिअरच्या दोन बाटल्या होत्या. आणि मी काय म्हणालो? "ते गंजकं डबडं लांब उभं कर, माझ्या गाडीवर गंज उडेल." तू बाटल्या कुंपणावर ठेवल्यास आणि गेलास. तुझ्या वडिलांचा ट्रॅक्टर. डल्सी त्याच्यावर चालवायला शिकली. मला सगळं ठाऊक होतं. नव्या गाडीची मला इतकी धास्ती वाटत होती की तोंडातून काय निघतंय ते कळलं नाही. म्हणजे कळलं, पण निघून गेल्यावर.

आणि हे जॅनीनला सांगितलेलं नाही. फेब्रुवारीत आत समुद्रात इंजिन बंद पडलं. होडी वाहायला लागली. मी मोठ्याने म्हणालो, "रेक्स, प्लग बघ रे." म्हटलं आणि मागे वळून पाहिलं. इंजिन नंतर चालू झालं. पण मी त्या दिवशी मुडदुशी न धरताच परत आलो, आणि ग्लेनिसला सांगितलं की मासेच नव्हते.

त्या दोन बाटल्या अजून माझ्या फ्रिजमध्ये आहेत. उघडल्या नाहीत. फ्रिज आवाज करतो हल्ली, तो बंद पडायच्या आत संपवाव्यात असं मला वाटतं.

हे पत्र टपालात टाकत नाही. अ‍ॅडलेडला जाऊन येईतो भरती निघून जाईल. तू झोपलेला असशील, दुपारची वेळ आहे, तेव्हा ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवून वर दगड ठेवतो. ट्रॅक्टरशी मी आधी दोन शब्द बोलणार आहे. तो तुला काही सांगणार नाही.

उद्या सकाळची भरती चांगली आहे. गाडी शेडमध्येच राहील. सँडविच मी चौघांना पुरतील इतकी आणतो. तू आला नाहीस तरी मी किनाऱ्यावर असेन. पाण्यात उतरणार नाही, काठावर उभा राहीन.

तुझ्या ट्रॅक्टरमागून चालत यायला तयार असलेला,
आल्बी