बदली

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. ह्यांच्या बदलीच्या नोकरीपायी माझा अर्धा जन्म ट्रंका भरण्यात आणि उरलेला अर्धा त्या रिकाम्या करण्यात गेला, पण माझी स्वतःची बदली व्हायची ही पहिलीच वेळ. टॅक्सीतून उतरताना धाकटीला हेच म्हणाले, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. मेहुणे गेल्यावर तिने इथे मुक्काम टाकला, आणि हे गेले तेव्हापासून मलाही इथे ओढायचं तिने मनावर घेतलं होतं. हे घर आमच्यासारख्यांसाठीच आहे. घरच्या आजाऱ्याचं वर्षानुवर्षं केलं, आजारी माणूस गेलं आणि करणारं माणूस मागे उरलं, अशी सगळी मंडळी इथे. मला वाटलं होतं, सुतकी चेहरे बघावे लागणार. कसलं काय! व्हरांड्यात पत्त्यांचा डाव रंगला होता आणि एक बाई राजरोस पत्ते चोरत होत्या.

घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. अंगापिंडाने मात्र चिमणीएवढ्या. त्यांनी दारातच माझा हात हातात घेतला आणि विचारलं, धाकटीची बदली म्हणून आलात ना? माझा विनोद माझ्याआधीच आत पोचलेला दिसला. मी हसून म्हटलं, हो तर, बदलीच! त्यांनी धाकटीकडे बघून मान डोलावली आणि आम्हाला आत घेतलं.

खोली वरच्या मजल्यावर, शेवटची. खिडकीतून फाटक आणि रस्ता दिसतो. आत दोन खाटा. एक साधी, माझी. दुसरी आजाऱ्याची असते तशी, लोखंडी, कठडे लावलेली, गादीवर मेणकापड. मला वाटलं धाकटी तिच्यावर झोपत असेल. ती म्हणाली, नाही, ती रिकामीच असते, मोठ्या बाई समजावतील.

धाकटी चहालाही थांबली नाही. नातवाला बघून परवा येते म्हणाली. निघताना मला घट्ट मिठी मारली आणि वळून न बघता जिना उतरली. रडू आवरत असेल बिचारी.

५ मार्च, बुधवार

इथली पद्धत आज कळली. मोठ्या बाई म्हणतात, इतकी वर्षं राबलेले हात एकदम थांबवले की माणूस कोसळतं. म्हणून ही रिकामी खाट. सकाळी चादर बदलायची, मेणकापड ओल्या फडक्याने पुसायचं, उशी उलटायची. दुपारी कूस बदलून द्यायची, म्हणजे तसं नुसतं करायचं. संध्याकाळी सूप निववून उशाशी ठेवायचं. मग हळूहळू एकेक काम गाळत जायचं, बाळाचं अंगावरचं दूध तोडतात तसं.

आधी मला हसू आलं, आणि मग रडूच फुटलं. कारण हे गेल्यावरही मी रोज दुपारी गोळ्या कुटून त्यांची पूड करत होते. वाटीत पाणी घातलं की लक्षात यायचं. लेकीला कधी बोलले नाही, तिला वाटायचं आईचं डोकं फिरलं. भेटायला येणारे म्हणायचे, सुटले हो, आणि तुम्हीही सुटलात. वर सांगायचे, जरा बाहेर पडा, एखादा छंद लावून घ्या. अरे, मला साधं आठ वाजता भूक लागायची की ह्यांना लागायची, हेच मला आठवेना, छंद कुठला लावून घेऊ? माझ्या हातांची अवस्था ओळखणारं इथे पहिल्यांदा कोणी भेटलं.

चादर घातली. चारी कोपरे दाबून, एक सुरकुती राहू न देता. सुरकुती राहिली की पाठ सोलवटते. हात असे भराभर चालले की जिवाला बरं वाटलं.

शेजारच्या खोलीतले मास्तर दाराशी उभे राहून बघत होते. शाळेतून निवृत्त झालेले, उंच, जरा वाकलेले. किती दिवस मुक्काम, म्हणून विचारलं तर म्हणाले, आता कायमच. मग त्यांनी विचारलं की बहिणीने सगळं नीट सांगितलंय ना. सांगितलंय की, म्हटलं. ते आपल्या खोलीत गेले.

धाकटी आज यायची होती. फोन उचलत नाही. नातवात रमली असणार.

८ मार्च, शनिवार

लिहू की नको, असं झालंय. दुपारी जेवून वर आले तर त्या खाटेवरची चादर चुरगळलेली. उशीला खळगा पडलेला. हात लावून पाहिलं, तर ऊब होती.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर माझा आनंद गगनात मावेना. दार लोटून घेतलं आणि खाटेशी बसून ह्यांना घरचं सगळं सांगितलं. लेकीची सासू पडून आहे आणि लेकीची ओढाताण चाललीय ते सांगितलं. ह्यांची खुर्ची कोणाला दिली नाही ते सांगितलं. थोडी भांडलेसुद्धा, मला न सांगता गेलात म्हणून. गादी मधूनच जराशी दबत होती. ऐकताहेत असं वाटलं. संध्याकाळी सूप ठेवलं, ते अर्धं संपलं होतं.

मोठ्या बाईंना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. आता एकही काम गाळू नका, म्हणाल्या. कशाला गाळीन? लोक काय वाटेल ते म्हणोत, मला माझं माणूस परत मिळालं.

१० मार्च, सोमवार

काहीतरी चुकतंय.

ह्यांची डावी बाजू गेलेली होती. हे कायम उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून असायचे. इथला खळगा उलटा आहे. डाव्या कुशीवर, खोलीकडे तोंड करून कोणीतरी माझ्याकडे बघत पडावं तसा. उशीला तंबाखूचा वास येतो. ह्यांना त्या वासाने ओकारी यायची.

दुपारी पाठमोरी उभी राहून घड्या घालत होते. मागून चुटकी वाजली. दोनदा, थांबून पुन्हा एकदा.

ती चुटकी मी ओळखते. धाकटीच्या घरी मेहुणे पलंगावरून अशी चुटकी वाजवायचे आणि ती हातातलं टाकून धावायची. हाक मारायला तोंड दिलंय ना देवाने, असं मी एकदा त्यांना समोरासमोर म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले होते, ताई, तुम्ही तुमच्या घरात बघा.

म्हणजे मी दार लोटून इतकं मन मोकळं केलं ते ह्यांच्यापुढे नाही, मेहुण्यांपुढे केलं. अंगावर पाल पडावी तशी शिसारी आली. आंघोळ केली, पुन्हा केली, तरी जाईना.

११ मार्च, मंगळवार

मोठ्या बाईंच्या खोलीतल्या फोनवरून धाकटीला फोन लावला. माझा नंबर नाही म्हणून तिने उचलला.

तिने सगळं कबूल केलं. आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. म्हणाली, मेल्यावरही सोडत नाहीत गं ते, वर्षभर मीच केलं. बदली दिल्याशिवाय सुटका नाही. बदली म्हणजे तुझी ती ट्रंकांची बदली नव्हे. कारखान्यात एकाच्या जागी दुसरा कामगार उभा करतात ना, ती. आणि दारात विचारल्यावर त्या माणसाने आपल्या तोंडाने हो म्हणावं लागतं. तू तर हसत हसत म्हणालीस. वर म्हणाली, ताई, तुला सवय आहे. तू किती छान करतेस.

तुला सवय आहे! सासूबाईंच्या वेळी दीर हेच म्हणाला, वडलांच्या वेळी भाऊ म्हणाला, ह्यांच्या वेळी तर येणारा-जाणारा म्हणाला. त्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण धाकटीने म्हणावं? आई गेल्यावर जिच्या वेण्या मी घातल्या, जिचं बाळंतपण मी केलं, तिने माझा हात धरून मला या दारात आणून उभं केलं. माझा गळा कापला असता तर इतकं लागलं नसतं.

मोठ्या बाईंना विचारलं, मग माझे कुठे आहेत? त्या म्हणाल्या, ते इथे नाहीत. जे धरून ठेवतात तेच इथे येतात. तुमच्या यजमानांनी जाताना तुम्हाला मोकळं केलं होतं.

म्हणजे मी खरोखरच सुटले होते. मला ते कळलंच नाही.

१२ मार्च, बुधवार

सकाळी सरळ बॅग उचलली आणि निघाले. फाटक उघडंच होतं. बसथांब्यावर उभी राहिले, बस आली, पायरीवर पाय ठेवला आणि मागून चुटकी ऐकू आली. इतक्या लांब. पुढचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी खोलीत होते आणि चादरीचा कोपरा दाबत होते.

मास्तर आले. त्यांनी आज सगळं सांगितलं. बदलीचं माणूस एकटं जाऊ शकत नाही, घरच्या कोणी हाताला धरून नेलं तर जातं. पण एक सांभाळायचं. खाटेवरचं माणूस आपल्या माणसाला मारतं तशी हाक मारेल. तिला ओ द्यायची नाही. ओ दिली की बदलीचं माणूस कायम होतं. मास्तर भावाची बदली म्हणून आले होते. खाटेवरून मेलेल्या भावजयीने अहो म्हणून हाक मारली, मास्तर पेंगत होते, सवयीने ओ देऊन बसले. आता घरचे भेटायला येतात, पण मला नाही, मला भाऊ समजून भेटतात, असं म्हणाले.

१३ मार्च, गुरुवार

लेकीला फोन केला. मला घेऊन जा, एवढंच म्हणाले. बाकीचं कसं सांगणार? सासूपाशी बसायला रविवारीच कोणी मिळेल, रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली. मावशीही सोबत येतेय म्हणाली. मी ओरडले, तिला आणू नकोस! लेक हसली. बहिणीबहिणींचं भांडण झालं असं तिला वाटलं.

बदली देऊन सुटता येईल, हे माझ्याही मनात येऊन गेलं. पण देणार कोणाला? लेकीला? जीभ झडेल माझी.

रविवारपर्यंत तोंड बंद ठेवायचं. बस्स.

१४ मार्च, शुक्रवार

आता आवाजही येतो. ताई म्हणतात. ताई, पाणी. ताई, उशी.

मी बोलत नाही. पण हात ऐकत नाहीत. पाणी दिलंच. पेला कोणीतरी धरला, बोटं लागली, ओलसर —

मेल्या हातांनो.

१५ मार्च, शनिवार

ताई म्हणणं बंद झालं.

आज म्हणाले, अगं —

ह्यांनीही मला जन्मभर हीच हाक मारली. नावाने नाही, अगं म्हणूनच. मान आपोआप वळली. ओ ओठांपर्यंत आली होती. ओठ चावला, रक्त आलं.

तोंडात रुमाल कोंबून बसले आहे. आवाज मेहुण्यांचा, पण लकब — लकब हळूहळू ह्यांची होत चाललीय. शिकताहेत. त्या दिवशी मी बडबडले, त्यातूनच —

नाही. हे नाहीत ते. हे गेले. मला सोडून, छान गेले.

१६ मार्च, रविवार

लिहीत असले की हात खाटेकडे जात नाहीत. म्हणून लिहिते.

अगं. अगं, ऐकतेस का. अगं, जरा इकडे ये —

नाही.

गाडी वाजली. फाटकाशी लेकच. देवा. रुमाल काढला —

जिन्यावर तिची पावलं. तिने आई म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली, मोठ्याने दिली, आले गं म्हणाले. पण तिच्या हाकेच्या आतच — त्याच क्षणी, तिच्या आवाजाखालून — त्यांनीही अगं —

खोली एकदम शांत झाली. खाटेवर आता ते दिसतात. पूर्ण. हसताहेत.

लेक दारात. तिला खाट रिकामीच दिसतेय. माझ्याकडे बघून म्हणाली, कशी आहेस मावशी? आई खाली गाडीत बसलीय, तिला जिना चढवत नाही —

खिडकीतून पाहिलं. पुढच्या सीटवर — माझी शाल, माझा चष्मा — ती वर बघतेय —

लेकीला म्हटलं, मीच गं, मीच तुझी — तिने माझे डोळे पुसले. म्हणाली, येते हं मावशी, आई खाली ताटकळली असेल. मी तिचा दंड घट्ट धरला. नाही सोडणार. डाव्या हाताने धरलंय, उजव्याने हे तिला दाखवायला लिहितेय, बाळा, वाच, हे वाच —

मागून हाक आली. डावा हात सुटला. आपोआप. चादरीकडे गेला. आणि हा हातही आता —