आईच्या जाण्याचा सांगावा

आप्पा, आई गेली, हे तुम्हाला सांगायला मला वर्ष लागलं. वाडीत कुणी गेलं की गावोगाव सांगावा घेऊन तुम्हीच निघायचात. तुम्ही तर तिच्या आधीच गेलेले; तुम्हाला कुणी सांगायचं, तेच मला कळेना.

बातमी कानावर आली तरी तुम्ही आधी मयताच्या घरी जाऊन यायचात, मगच सांगावा घेऊन पुढच्या गावाची, उमरठची वाट धरायचात. आई चुलीपुढून चिडायची, "लोकं खोळंबल्यात, अन् तुमचं आपलं बघून येतो!" तुम्ही वहाणा घालता घालता म्हणायचात, "माझ्या शब्दावर माणूस हातातलं काम टाकून निघतो गो. एकदा फुकट धावला तर पुढच्या खेपेला उठंल काय?" मला तेव्हा तो तुमचा फाजील सोवळेपणा वाटायचा.

आता सांगावा मोबाइलवर येतो. आई महाडला दवाखान्यात होती. तिला तपासणीसाठी खाली नेलं होतं, तेवढ्यात भेटायला आलेल्या चुलतभावाने रिकामी खाट बघितली आणि वाडीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकून दिला, भावपूर्ण श्रद्धांजली. वाईट हेतू नव्हता त्याचा, सगळ्यांच्या आधी आपण कळवावं एवढीच हौस. जोडलेल्या हातांची रांग लागली. मामा मुंबईहून धावत आला, तर आई मऊभात खात बसलेली. "मेल्यावर आलास होय रे?" म्हणून ती हसली. मामा मात्र तिचे पाय धरून रडला.

त्याच आठवड्यात ती खरंच गेली. या वेळी मी स्वतः ग्रुपवर लिहिलं. "परत तेच?", "आधी खात्री करा", अशी उत्तरं येत राहिली. मामाला फोन लावला तर तो वैतागला, "तू नीट बघ जरा. मागल्या टायमाला पण असंच झालेलं." त्याला पटून तो निघेपर्यंत दुपार उलटली. आईला वाडीवर आणलं होतं, उन्हात किती वेळ ठेवणार? गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनीच तिला खांदा दिला. मामा पोचला तेव्हा चिता विझत आली होती. अजूनही तो माझ्याशी धड बोलत नाही. "मी तिला नाय बघितली," एवढंच म्हणतो.

आता ग्रुपवर काहीही आलं की मी टाकणाऱ्याला आधी फोन लावते, स्वतः बघितलंस का म्हणून विचारते. लोक चिडतात. चिडू देत. पण मामाला सांगायची राहिलेली एक गोष्ट मी तुम्हाला लिहितेय, जिथं पत्र पोचायचंच नाही. डॉक्टर आई गेली म्हणाले, तेव्हा मीसुद्धा त्यांना म्हणाले होते, नीट बघा.