परसों दिसेल

शनिवार, ४ मे

आलो एकदाचा हैदराबादला! पुण्यात बावीस वर्षं सदर लिहून लोकांच्या डोळ्यांत अंजन घातलं. मालकांनी डोळे वटारले, सदर बंद. आता दिलसुखनगरच्या एका मॉलमधल्या 'बर्फमहाला'चा व्यवस्थापक. बाहेर बेचाळीस अंश, आत उणे पाच. लोक तिकीट काढून कुडकुडतात. राहायला महालामागचीच खोली, दाराबाहेर बोळ, बोळाच्या टोकाला बर्फाचं दार. पगारासकट थंडावा.

बूट देण्याच्या खिडकीवर सत्यवतीबाई असतात. तीन पिढ्या इथल्या गौलीगुड्यात मुरलेलं मराठी. सकाळी जंतू मारायला आत जांभळ्या नळ्या लावतात, तेव्हा जायचं नाही; गेलातच तर, "काला चष्मा इसरू नक्का, साहेब. तुमच्या आधीचे प्रतापराव इसरले. डोळेच गेले की." कधी, विचारलं. "परसों."

म्हणजे परवाच; खुर्ची अजून गरम असणार. बिचारा घरी पट्ट्या बांधून पडला असेल.

शनिवार, ११ मे

सकाळी आत प्लास्टरचा पेंग्विन आडवा पडलेला. उभा करायला गेलो. नळ्या चालू होत्या. काळा चष्मा माझ्या चष्म्यावर बसेना, आणि बसला तरी मी लग्नातला बँडवाला दिसतो. अर्धा तास पेंग्विनशी झटापट, खाली चकाकता बर्फ.

संध्याकाळी डोळ्यांत कुणी मूठभर रेती भरल्यासारखं. सत्यवतीबाईंनी रिक्षात घालून सुलतान बाजारच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, हिमालयात बर्फाच्या तिरिपेने जवानांना होतं तेच. दोन्ही डोळ्यांना पट्टी, दोन दिवस.

मे महिन्यात, हैदराबादेत, हिमांधळा! आणि सदर बंद.

रविवार, १२ मे

वहीवर फूटपट्टी ठेवून अंदाजाने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील.

दुपारी प्रतापराव भेटायला आले. भला माणूस. स्वतःचे डोळे अधू, तरी मला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेलं. हात गारठलेला, म्हटलं, इथली नोकरीच तशी. कधी दिसायला लागेल, विचारलं तर म्हणाले, परसों दिसेल.

जाताना बुटांचा आवाज आला नाही.

सोमवार, १३ मे. सुट्टी

महाल बंद. सत्यवतीबाईंचा फोन. प्रतापराव येऊन गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण प्रतापराव?

म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणालात ना, परसों डोळे गेले ते.

परसों म्हणजे परवा नाही, म्हणाल्या. आमच्याकडे होऊन गेलेलं सगळं परसों. अकरा वर्षं झाली त्याला. सुट्टीच्या दिवशी आंधळ्या डोळ्यांनी दार चाचपत आत शिरले. सापडले पेंग्विनपाशी. गोठून.

रिक्षाने निघालेच, म्हणाल्या. खाटेवरून उठायचं नाही. कुणाचा हात धरायचा नाही.

सोमवार, नंतर

बोळात कुणीतरी. रिक्षा इतक्या लवकर —

दार वाजलं. "चला साहेब." हळू आवाज. बाईच असणार. हात पुढे केला —

दहाबारा पावलं झाल्यावर ध्यानात आलं. बाईंच्या हातात डझनभर बांगड्या. या मनगटात एकही —

सोम

पायाखाली कुरकुरतंय. हात सुटला. वही आहे, बोटं आखडली.

पट्टी ओरबाडली. पांढरं. सगळीकडे पांढरं —

लांब काचेवर थापा. बांगड्या. सत्यवतीबाई हाका मारतायत. आवाजाकडे जातो —

परत हात. घाई नक्को म्हणतो. दिसेल म्हणतो. पर